छोट्या गाडीतली घरघर : दाबण्याआधी ओळखा

महामार्गावर गाडी एका ठरावीक वेगाला आली की आत एक जड ‘घूंऽऽ’ सुरू होते. बोलण्यासाठी आवाज चढवावा लागतो, रेडिओ वाढवला जातो, मागे बसलेली ज्येष्ठ मंडळी कपाळ दाबू लागतात. वेग थोडा कमी किंवा जास्त केला की तो आवाज जवळजवळ नाहीसा होतो. छोटी गाडी असलेल्या अनेक घरांना हा अनुभव आहे. त्यावरचा उपायही बहुतेकांचा एकच असतो. ॲक्सेसरीजच्या दुकानात जायचे आणि दारांना, तळाला काळ्या चिकट शीट लावून घ्यायच्या. बरेच पैसे खर्चून गाडी घरी येते, दार लावताना ‘धप्प’ असा भारदस्त आवाज येतो. पण महामार्गावरची घूं तशीच राहते.

दोष बहुतेक वेळा शीटच्या दर्जाचा नसतो. आवाज कुठे तयार होतो आणि कोणत्या वाटेने कानापर्यंत येतो, हे न पाहताच उपाय केलेला असतो. ताप कशाने आला हे न बघता गोळी घेण्यासारखाच हा प्रकार. शिवाय तापाप्रमाणेच गाडीतला वाढलेला आवाजही कधी कधी लक्षण असतो. एक्झॉस्टच्या ज्या फटीतून आवाज निसटतो, त्याच फटीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निसटतो. म्हणून आवाज दाबण्याआधी तो ओळखणे महत्त्वाचे.

तीन सिलिंडरांचे गणित

भारतातल्या छोट्या पेट्रोल गाड्यांत तीन सिलिंडरचे इंजिन सर्रास आढळते. १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००मध्ये ते होते. ऑल्टो के१०, टियागो, क्विड या गाड्यांमध्येही तेच आहे. त्यामागे कराचेही कारण आहे. २००६-०७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि कंपन्यांचा कल लहान इंजिनाकडे आणखी वाढला. एवढ्या लहान इंजिनात चारऐवजी तीन सिलिंडर ठेवले की घर्षण घटते, वजन कमी होते आणि मायलेज सुधारते.

त्याची किंमत मोजावी लागते ती आवाजात आणि थरथरीत. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटते. तीन सिलिंडर असतील तर दर २४० अंशांनी एक धक्का मिळतो. पण एका धक्क्याचा जोर फार तर १८० अंशांपर्यंतच पुरतो. मधले ६० अंश इंजिन नुसत्या गतीवर फिरते. त्यामुळे चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा त्याची लय तुटक लागते. शिवाय तीन पिस्टन ओळीने वरखाली होताना इंजिनाची दोन टोके आळीपाळीने उचलली जातात, झोपाळ्याच्या फळीसारखी.

या इंजिनाचा मुख्य सूर काढण्याची युक्ती सोपी आहे. टॅकोमीटरवरच्या मिनिटाला फेऱ्यांच्या आकड्याला ४० ने भागायचे. इंजिन जागेवर ८०० फेऱ्यांनी फिरत असेल तर उत्तर येते २० हर्ट्झ. माणसाच्या कानाची ही खालची सीमा. म्हणून हा कंप ऐकू येण्यापेक्षा सीटमध्ये आणि स्टिअरिंगवर अधिक जाणवतो. ३,२०० फेऱ्यांना उत्तर येते ८० हर्ट्झ. हा ढोल्याच्या थापेसारखा खर्जातला, जड सूर. अनेक छोट्या पेट्रोल गाड्या ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावताना इंजिन साधारण याच टप्प्यात असते.

गाडी नावाचा डबा

आता गाडीच्या आतल्या पोकळीकडे पाहू. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर घुमतो, कारण आतल्या हवेला तिचा स्वतःचा सूर असतो. काचा बंद केलेली गाडीही तशीच एक पोकळी आहे. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचे अंतर दोन मीटर धरले आणि आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर घेतला, तर या पोकळीचा पहिला सूर येतो ८५ हर्ट्झ. म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या ३,४०० च्या जवळ गेल्या की इंजिनाचा सूर आणि पोकळीचा सूर जुळतात आणि हवा घुमू लागते. फेऱ्या थोड्या बदलल्या की जुळणी सुटते आणि घूं थांबते. ठरावीक वेगालाच त्रास का होतो, याचे हे एक मोठे कारण. छत, डिकीचे दार आणि तळ यांचे पत्रेही आपापल्या सुरांवर थरथरतात आणि त्यात भर घालतात.

अशा लाटेत हवेचा दाब दोन्ही टोकांना सर्वाधिक आणि मध्यभागी सर्वात कमी बदलतो. मागच्या सीटवर बसणाऱ्यांची डोकी मागच्या काचेजवळ असतात, तर चालकाचे डोके मध्याकडे. त्यामुळे मागचे लोक तक्रार करतात आणि चालवणाऱ्याला ती पटत नाही. दोघेही खरेच बोलत असतात. गाडी दाखवायला नेताना मेकॅनिकला म्हणूनच एकदा मागे बसवून न्यावे.

मोबाइलवरच्या डेसिबल ॲपवरही इथे विसंबून राहू नये. ही ॲप बहुधा कानाच्या संवेदनशीलतेनुसार जुळवलेले ‘ए’ मापन दाखवतात. त्यात ८० हर्ट्झचा आवाज सुमारे २२ डेसिबलने कमी धरला जातो. डोके भणभणत असतानाही पडद्यावरचा आकडा शांत दिसतो तो त्यामुळे. ॲपमध्ये ‘सी’ मापनाची सोय असेल तर ते निवडावे. दोन आकड्यांत मोठा फरक दिसला, तर त्रास खर्जातल्या आवाजाचा आहे असे समजावे.

आवाजाच्या दोन वाटा

इंजिन आणि एक्झॉस्टचा आवाज दोन वाटांनी आत येतो. पहिली वाट हवेची. इंजिनाची टकटक, पट्ट्यांची शीळ, पाइपातून निसटणारी फुसफुस ही फटींमधून आणि पातळ पत्र्यातून येते. दुसरी वाट धातूची. इंजिनाचा कंप माउंटिंगमधून चासीत उतरतो, सायलेन्सरचा कंप त्याच्या रबरी हँगरमधून तळाच्या पत्र्यात येतो आणि पत्रा स्पीकरच्या पडद्यासारखा वाजतो. खर्जातली घूं बहुतांशी या दुसऱ्या वाटेने येते.

वाहन अभियंते आवाजाचा विचार उगम, वाट आणि कान अशा तीन टप्प्यांत करतात. १९६६मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘एआरएआय’मध्ये वाहनांचा आवाज आणि कंप तपासण्याची स्वतंत्र सोय आहे. प्रत्येक नव्या मॉडेलची रस्त्यावरून जातानाची आवाजचाचणी होते. गाडीच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवतात आणि मोटारींसाठी ७४ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती चाचणी रस्त्याकडेच्या माणसाच्या कानांची काळजी घेते, आत बसलेल्यांच्या नाही. आणि ती नव्या गाडीची असते. सहा-सात पावसाळे काढलेल्या गाडीचे रबर, जोड आणि सायलेन्सर वेगळ्याच अवस्थेत असतात.

आधी निदान

घरच्या घरी बरेच कळू शकते. मोकळ्या जागेत गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस वाढवावी. महामार्गावरची घूं त्याच फेऱ्यांना उभ्या गाडीतही आली, तर उगम इंजिन किंवा एक्झॉस्टकडे आहे. दुसरी चाचणी चालत्या गाडीत. मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाला चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये आवाज ऐकावा. गिअर बदलल्यावर सूर बदलला, तर आवाज इंजिनाचा. सूर तोच राहिला, तर तो टायर, चाकाचे बेअरिंग किंवा वारा यांचा. चालत्या गाडीचे इंजिन बंद करून ऐकण्याचा उद्योग मात्र कधीही करू नये. ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत त्यात जाते.

एक कारण तर चालवण्याच्या सवयीतच असते. मायलेज वाढावे म्हणून ताशी ३५-४० किलोमीटरलाच पाचवा गिअर टाकला आणि वर ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिन कुंथते आणि सारी गाडी थरथरते. एक गिअर खाली आणणे हा त्यावरचा बिनखर्ची उपाय.

एक्झॉस्ट : आवाज आणि विष

सायलेन्सर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा नव्हे. त्याच्या आत भोके पाडलेल्या नळ्या, लहानमोठे कप्पे आणि काही वेळा काचतंतू असतात. काही कप्प्यांतून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांना छेद देतात. काही कप्पे बाटलीच्या तत्त्वावर ठरावीक सूर गिळतात. काचतंतू वरच्या पट्टीचा आवाज शोषतात. हा तोल बिघडतो तो बहुधा गंजाने. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते आणि ते वाफेच्या रूपात एक्झॉस्टमधून बाहेर पडते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापून कोरडा होतो. शाळा, मंडई, स्टेशन अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत मात्र पाणी आतच साचते आणि पत्रा आतून कुजतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत बाहेरूनही तेच चालू असते. वरून धड दिसणारा सायलेन्सर आतून पोकळ झालेला असू शकतो.

गळतीची लक्षणे ओळखता येतात. सकाळी थंड इंजिनावर ‘टिक-टिक’ किंवा ‘फट-फट’ असा आवाज येतो आणि गाडी तापल्यावर कमी होतो. धातू प्रसरण पावून फट अंशतः मिटते, म्हणून हे घडते. जोडांजवळ काजळीचे काळे ओघळ दिसतात. रेस केल्यावर पायाखालून फुरफुर येते. अशा वेळी मॅनिफोल्डचे पॅकिंग, लवचीक जोडाची जाळी आणि सायलेन्सरचे वेल्डिंग तपासून घ्यावे. पियूसी प्रमाणपत्र हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ती चाचणी पाइपच्या शेवटच्या टोकाला होते, मधल्या गळतीबद्दल ती काही सांगत नाही.

यात आरोग्याचा खरा धोका आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे, सुस्ती ही सुरुवातीची लक्षणे. प्रवासात ती दिसली की ‘गाडी लागली’ असे म्हणून सोडून दिले जाते. एकाच गाडीत बसलेल्या अनेकांना एकाच वेळी असे वाटू लागले आणि बाहेरच्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर गाडीवर संशय घ्यावा. काचा उघडाव्यात, गाडी थांबवून सर्वांनी बाहेर पडावे आणि त्रास असलेल्यांना डॉक्टरकडे न्यावे. एसी चालू ठेवून, इंजिन सुरू असलेल्या बंद गाडीत झोपणे आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे या दोन गोष्टी कायमच्या टाळाव्यात.

हॅचबॅक गाड्यांत आणखी एक सवय घातक ठरते. गादी, पाइप किंवा खुर्च्या मावल्या नाहीत की डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधली जाते. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, तिथला धूर भोवऱ्यात सापडून उघड्या डिकीतून आत ओढला जातो. डिकीचे झिजलेले रबरही कमी प्रमाणात हेच करते. ते बदलले की आवाज घटतो आणि धुराची वाटही बंद होते.

बाजारात मिळणारे ‘स्पोर्टी’ सायलेन्सर या सगळ्याच्या उलट दिशेचे. मूळ सायलेन्सरमधला खर्ज गिळणारा कप्पा त्यांत बहुधा नसतो. पहिले चार दिवस मजा वाटते, मग लांबच्या प्रवासात घरच्यांनाच ते नकोसे होते. मोठा आवाज करणारा सायलेन्सर बसवणे कायद्यानेही दंडनीय आहे.

रबराचे वय

इंजिन चासीला थेट पक्के केलेले नसते. ते रबरी माउंटिंगवर तोललेले असते. रबर मऊ असेपर्यंत कंप तिथेच जिरतो. इंजिनाच्या उष्णतेने, तेलाच्या थेंबांनी आणि वयाने रबर कडक होते किंवा फाटते. मग कंप सरळ पत्र्यात उतरतो. सिग्नलला एसी लावून उभे असताना स्टिअरिंग आणि आरसा थरथरणे, इंजिन सुरू किंवा बंद करताना ‘धड’ असा धक्का बसणे, क्लच सोडताना हिसका येणे ही त्याची चिन्हे. एकच माउंटिंग गेलेले असले, तरी उरलेल्यांवर भार येतो. म्हणून सगळी तपासून घ्यावीत.

सायलेन्सर टांगणारी हँगर रबरे हा तर सर्वात दुर्लक्षित भाग. एक रबर तुटले की पाइप खाली झुकतो किंवा तळाला टेकतो आणि सायलेन्सरचा सारा कंप गाडीत शिरतो. ही रबरे स्वस्त असतात आणि थोड्या वेळात बदलून होतात. अनेक गाड्यांतली घूं एवढ्यानेच निम्म्यावर येते. पाइपावरचा उष्णतारोधक पत्रा सैल होऊन ठरावीक फेऱ्यांना किणकिणतो, तोही याच वेळी आवळून घ्यावा.

फटी बुजवा, मग शीट

भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी असली, तर ती भिंत कितीही जाड केली तरी आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. गाडीलाही हा नियम लागू आहे. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायरी आणि केबल आत येतात. सीएनजी किट, म्युझिक सिस्टीम किंवा अलार्म बसवताना तिथे नवे भोक पाडले जाते आणि त्याचे रबरी बूच बसवायचे राहून जाते. ते बूच बसवणे हा शीटपेक्षा किती तरी स्वस्त उपाय. दाराचे रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते. ती दारात धरून दार लावावे; पट्टी सहज ओढून निघाली, तर तिथे रबर नीट दाबले जात नाही.

यानंतर शीटची पाळी. चिकट डॅम्पिंग शीट पत्र्याचा कंप जिरवते, ती आवाज अडवत नाही. त्यामुळे ती सर्वाधिक थरथरणाऱ्या भागावर, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या सपाट जागेच्या मध्यावर लावली की बरेच काम होते. कोपरा न् कोपरा मढवण्याची गरज नसते. डिकीचा तळ, मागच्या चाकांवरचे पत्रे, छत आणि पायांखालचा भाग यांना आधी घ्यावे. डांबराच्या स्वस्त शीट उन्हात वास सोडतात आणि सुटून येतात, ब्यूटाइल रबराच्या अधिक टिकतात. दारात शीट लावताना तळाची पाणी निघायची भोके बुजणार नाहीत हे पाहावे. ती बुजली तर पहिल्याच पावसाळ्यात दारात पाणी साठते आणि गंज धरतो.

फोम आणि फेल्टचे काम आणखी वेगळे. ते हवेतला आवाज शोषतात, पण त्यासाठी जाडी लागते. शंभर हर्ट्झच्या लाटेची लांबी ३.४ मीटर असते. ती नीट शोषायची तर पाव लाटेएवढी, म्हणजे ८५ सेंटिमीटर जाडी हवी. सेंटिमीटरभर फोमने घूं जात नाही ती यामुळे. इंजिनाची वरच्या पट्टीतली टकटक आणि शीळ मात्र तो कमी करतो. बोनेटखाली लावायचे अस्तर उष्णता सोसणारे, पेट न घेणारेच असावे. घरातला फोम किंवा थर्माकोल तिथे कदापि लावू नये. पावसाळ्यात बोनेटखाली आसरा घेणारे उंदीर हे अस्तर कुरतडतात. अस्तर बदलण्यासाठी ते उघडले की वायरींकडेही एक नजर टाकावी.

अपेक्षा किती ठेवावी

डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते. समजा, टायरचा आवाज ७२ डेसिबल आहे आणि इंजिनाचा ६८. दोन्ही मिळून सुमारे ७३.५ होतात. इंजिनाचा आवाज जादूने शून्य केला, तरी ७२ उरतातच. फरक जेमतेम दीड डेसिबलचा, तो कानाला कळणेही कठीण. म्हणून सर्वात मोठा उगम आधी हाताळावा लागतो. शहरी वेगात आणि चढावर तो बहुधा इंजिन असतो, महामार्गावर सपाट वेगात टायर आणि वारा. दहा डेसिबलची घट झाली तर आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, पण जुन्या छोट्या गाडीत तेवढी घट क्वचितच साधते. घूं नाहीशी होणे आणि शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येणे, हे वाजवी ध्येय.

आरोग्याच्या दृष्टीनेही तेवढे पुरेसे मोलाचे आहे. काचा बंद असलेल्या, धडधाकट छोट्या गाडीतला आवाज कान बधिर करण्याइतका सहसा नसतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ही कामाच्या ठिकाणी धरली जाणारी धोक्याची पातळी आहे. पण खर्जातला आवाज बोलण्यातले अक्षर झाकतो. ते झाकले जाऊ नये म्हणून गाणी मोठ्याने लावली जातात आणि कानांवरचा खरा भार तिथून येतो. रुग्णवाहिकेचा भोंगा, मागच्या ट्रकचा हॉर्न उशिरा कळतो. दिवसाचे आठ-दहा तास गाडीत काढणाऱ्या टॅक्सीचालकांना याचा थकवा सर्वाधिक.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी एक्झॉस्टची गळती, मग हँगर आणि माउंटिंग, त्यानंतर बुचे आणि दारे-डिकीची रबरे, आणि सगळ्यात शेवटी शीट. पहिली तीन कामे नेहमीच्या गॅरेजमध्ये एका दिवसात होतात. शीट आधी लावली, तर ती गळतीचा आवाज थोडा झाकते. वायू मात्र झाकला जात नाही. पायाखालची फुरफुर ऐकू येत होती तोवर निदान सूचना तरी मिळत होती.